२४ एचपीचा ट्रॅक्टर, ४० अँपिअरचा अल्टरनेटर आणि ६२ खांब

सहाव्या खांबाचा दुसरा काप अर्ध्यावर आला होता. इन्व्हर्टरनं कर्कश शिट्टी दिली आणि ग्राइंडर बंद पडला. भावानं स्विच सोडून पुन्हा दाबला. चकती जेमतेम अर्धा फेरा फिरली, इन्व्हर्टरवर लाल दिवा लागला आणि सगळं शांत झालं. मी ट्रॅक्टरवर चढून किल्ली फिरवली. स्टार्टरमधून नुसता ‘टक्’ असा आवाज आला. दुसऱ्यांदाही ‘टक्’. विजेचा मीटर तिथून सहाशे मीटरवर होता. ज्या ट्रॅक्टरच्या भरवशावर आम्ही वीज इथपर्यंत आणली होती, तोच आता जागचा हलत नव्हता.

त्या दिवशी काय चुकलं, ते कसं सापडलं आणि उरलेले ५६ खांब त्याच ट्रॅक्टरवर दोन दिवसांत कसे झाले, ते आकड्यांसकट लिहून ठेवतो आहे. छोट्या ट्रॅक्टरला इन्व्हर्टर जोडणारे बरेच जण पहिल्या दिवशी याच जागी अडकतात. त्यांचा संशय इन्व्हर्टरवर जातो. माझाही आधी तिथेच गेला होता.

काम कुंपणाचं होतं. ४० बाय ४० चे, ५ मिलिमीटर जाडीचे लोखंडी अँगल, एकूण ६२ खांब. प्रत्येकाला दोन काप आणि तारेसाठी चार भोकं. हाताशी ८५० वॅटचा चार इंची ग्राइंडर आणि ६०० वॅटची ड्रिल मशीन. मीटरपासून वायर ओढायचा विचार केला होता, पण हिशेब जमेना. सहाशे मीटर म्हणजे जाऊन-येऊन बाराशे मीटर तांबं. २.५ स्क्वेअर एमएमची वायर धरली तर तिचा रोध होतो सुमारे ८.४ ओहम. ग्राइंडर चालू असताना ३.७ अँपिअर वाहतात, तेवढ्यातच ३१ व्होल्ट वाटेत संपतात, आणि सुरू होतानाच्या झटक्याला त्याच्या दुपटी-तिपटीनं. सुटा पेट्रोल जनरेटर असता तर हा सगळा खटाटोप करावाच लागला नसता, हेही सांगून टाकतो. तो नव्हता. आणि खांब वाहायला ट्रॅक्टर तिथे दिवसभर उभा राहणारच होता.

ट्रॅक्टर २४ एचपीचा, तीन सिलिंडरचा डिझेल. १२ व्होल्टची, ६५ अँपिअर-तासांची बॅटरी, तीही चौथ्या वर्षात आलेली. त्यावर २००० वॅटचा इन्व्हर्टर जोडला. माझा विचार सरळ होता. ग्राइंडर ८५० वॅटचा, इन्व्हर्टर २००० वॅटचा, म्हणजे दुपटीहून जास्त ताकद हाताशी. सगळी चूक या एका वाक्यात होती.

इन्व्हर्टर वीज तयार करत नाही. १२ व्होल्टची वीज घेऊन तो २३० व्होल्टची करून देतो, आणि त्या कामाची दलाली म्हणून दहा-पंधरा टक्के उष्णतेत घालवतो. त्याच्यावरचे २००० वॅट म्हणजे त्याच्यातून जास्तीत जास्त किती वाहू शकतं तेवढंच. वाहायला मागून काही येतं की नाही, याबद्दल तो आकडा एक अक्षर बोलत नाही. मागून येतं ते दोनच ठिकाणांहून, बॅटरी आणि अल्टरनेटर, म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून वीज तयार करणारं यंत्र. अल्टरनेटरच्या पत्र्यावर ४० अँपिअर लिहिलं होतं. ४० अँपिअर गुणिले १४ व्होल्ट म्हणजे ५६० वॅट, तेही तो पूर्ण वेगात फिरत असेल आणि थंड असेल तर. २४ एचपी म्हणजे जवळपास १८ किलोवॅटचं इंजिन, आणि त्यातून विजेच्या रूपानं बाहेर पडायची वाट अर्ध्या किलोवॅटची. इंजिनात ताकद भरपूर आहे, दार अरुंद आहे. मला कळायला वेळ लागला तो हाच मुद्दा, आणि पुढचं सगळं त्याच्याभोवतीच फिरतं.

त्या पहिल्या दिवशी तर ते अरुंद दारही आम्ही बंद ठेवलं होतं. डिझेल वाचावं आणि आवाज नको म्हणून इंजिन बंद करून काम करत होतो.

हिशेब जुळत नव्हता

दुसऱ्या गाडीवरून जंपर लावून ट्रॅक्टर सुरू केला आणि घरी आणला. रात्री कागद घेऊन बसलो. ग्राइंडरचा एक काप साधारण ४० सेकंदांचा, एक भोक २० सेकंदांचं. म्हणजे एका खांबाला ८० सेकंद ग्राइंडर आणि ८० सेकंद ड्रिल. सहा खांबांना आठ मिनिटं ग्राइंडर, आठ मिनिटं ड्रिल. १२ व्होल्टच्या बाजूनं ग्राइंडर ७५ अँपिअर ओढतो आणि ड्रिल ३४, हे नंतर वायरभोवती चिमटा धरून करंट मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरनं मोजलं. (मीटर घेताना तो डीसी मोजणारा आहे ना, हे पाहून घ्या. नुसता एसीचा क्लॅम्प बॅटरीच्या वायरवर शून्यच दाखवतो.) त्यावरून ग्राइंडरचे १० अँपिअर-तास, ड्रिलचे साडेचार, आणि इन्व्हर्टर नुसता चालू राहिला म्हणून तासाला एक-सव्वा. मिळून सोळाच्या आसपास.

६५ पैकी १६, म्हणजे पाव हिस्सा. तेवढ्यात बॅटरी बसायला नको होती. मग बसली का?

उत्तर दोन भागांत मिळालं. बॅटरीवर ६५ अँपिअर-तास लिहिलेले असतात ते २० तासांच्या हिशेबानं. सव्वातीन अँपिअरनं हळूहळू काढत गेलात तर २० तासांत ६५ निघतील. ७५ अँपिअरनं ओढलं तर त्याच नव्या बॅटरीतून एका दमात जवळपास निम्मेच निघतात, कारण आम्लाला प्लेटच्या आतपर्यंत पोचायला वेळ मिळत नाही. मध्ये विश्रांती मिळाली तर थोडं परत येतं, पण सगळं नाही. दुसरा भाग वयाचा. बॅटरी तपासून घेतली तेव्हा सावकाश काढूनही तिच्यातून ३४ अँपिअर-तासच निघाले. म्हणजे आम्ही पाव नव्हे, निम्मी बॅटरी रिकामी केली होती आणि वर स्टार्टरची अपेक्षा ठेवून होतो. छोट्या डिझेलचा स्टार्टरही सुरुवातीला शे-दोनशे अँपिअर मागतो, आणि त्याआधी ग्लो प्लग, म्हणजे थंड इंजिन आतून तापवणारे प्लग, आपला वाटा घेतात ते वेगळेच.

ट्रॅक्टरची बॅटरी या कामासाठी घडवलेलीच नसते, हेही इथेच सांगायला हवं. तिच्या प्लेट पातळ आणि संख्येनं जास्त असतात. काही सेकंद भरपूर करंट द्यायचा आणि लगेच अल्टरनेटरकडून भरून घ्यायचं, यासाठी ती केलेली आहे. तिला वरचेवर निम्म्याखाली नेलं तर प्लेटवरचा थर गळतो आणि काही डझन वेळांतच ती संपते.

तारेत हरवलेला ०.९ व्होल्ट

बॅटरी का बसली हे कळलं. पण इन्व्हर्टर पहिल्या खांबापासूनच ग्राइंडर सुरू होताना चिवचिवत होता, तेव्हा तर बॅटरी भरलेली होती. ते कोडं सोडवायला दुसऱ्या दिवशी इंजिन चालू ठेवून, भावाला ग्राइंडर धरायला लावून मीटर घेऊन बसलो. “दादा, नुसतं फिरवू की कापू?” असं त्यानं विचारलं, आणि तो प्रश्न योग्य होता. नुसता फिरताना ग्राइंडर तिशीतले अँपिअर घेतो, कापताना ७५. मोजायचं ते कापतानाच.

कापताना बॅटरीच्या टोकांवर ११.५ व्होल्ट. त्याच वेळी इन्व्हर्टरच्या टोकांवर १०.६. इन्व्हर्टर १०.५ ला शिट्टी देतो आणि १० ला बंद होतो. म्हणजे बॅटरीला अजून बोलायचं होतं, पण तिचा आवाज इन्व्हर्टरपर्यंत पोचत नव्हता. मधल्या केबलमध्ये ०.९ व्होल्ट गायब. ०.९ गुणिले ७५ म्हणजे ६७ वॅट नुसती केबल तापवण्यात जात होते. हात लावला तर लग, म्हणजे केबलच्या टोकांचे धातूचे कान, गरम लागत होते.

केबल १६ स्क्वेअर एमएमची होती आणि तीन मीटर लांब. कारण इन्व्हर्टर मी मागच्या पेटीत ठेवला होता, हत्यारं जिथे वापरायची तिथे जवळ. तांब्याचा हिशेब केला. जाऊन-येऊन सहा मीटर, ०.०१७५ गुणिले ६ भागिले १६, म्हणजे साडेसहा मिलिओहम. ७५ अँपिअरला अर्धा व्होल्ट. मीटर दाखवत होता ०.९. सांधे धरूनही एवढा फरक पडायला नको. शेवटी चाकूनं केबलची एक तार खरवडली, तर वरचा तांबूस रंग गेला आणि आत पांढरी चकाकी निघाली. वर तांब्याचा मुलामा, आत ॲल्युमिनियम. अशा तारेचा रोध तांब्याच्या दीडपट असतो. अर्ध्याचा पाऊण व्होल्ट झाला, उरलेलं सांध्यांत. हिशेब बरोबर बसला. केबल घेताना वजनानं हलकी लागली होती. तेव्हाच शंका यायला हवी होती.

ही झाली सरळ चालतानाची गोष्ट. ग्राइंडर सुरू होतो त्या क्षणी तो दुप्पट-अडीचपट करंट मागतो. १२ व्होल्टच्या बाजूनं तो जातो १९० अँपिअरच्या घरात. त्या क्षणी केबलच दोन व्होल्ट खाते आणि म्हातारी बॅटरी तितकीच स्वतः खाली बसते. इन्व्हर्टरच्या आतले कपॅसिटर हा पाव सेकंदाचा झटका थोडाफार झेलतात, म्हणून पहिले पाच खांब पार पडले.

खरी चूक जागेची होती. इन्व्हर्टर हत्यारांजवळ नको, बॅटरीजवळ हवा. लांब करायचीच असेल तर २३० व्होल्टची वायर लांब करावी. १.५ स्क्वेअर एमएमची तीस मीटर एक्स्टेन्शन वायर ग्राइंडरला जोडली तर तिच्यात अडीच व्होल्ट जातात, २३० मधले अडीच, एक टक्का. तेच अडीच व्होल्ट १२ मधून गेले असते तर काम तिथेच संपलं असतं. व्होल्टेज जितकं कमी, तितका तारेतला प्रत्येक वितभर तुकडा महाग पडतो.

मग इन्व्हर्टर पुढे आणला. बॅटरीपासून सव्वा मीटरच्या आत, बाजूच्या ब्रॅकेटवर जाड पत्रा बसवून, खाली रबराचे बुश घालून. रेडिएटरची गरम हवा त्याच्यावर येणार नाही आणि दुपारचं ऊन थेट पडणार नाही अशी जागा शोधायला अर्धा दिवस गेला, पण तो वाया गेला असं मला वाटत नाही. इन्व्हर्टरवर लिहिलेले वॅट थंड हवेतले असतात. तो तापला की देणं कमी करतो किंवा बंद होतो. केबल घेतली ५० स्क्वेअर एमएमची, वेल्डिंगला वापरतात ती बारीक तारांची लवचीक, अस्सल तांब्याची. लग हातोड्यानं चेपून नव्हे, तर हायड्रॉलिक क्रिंपरनं दाबून घेतले. काळी वायर थेट बॅटरीच्या ऋण टोकाला. चॅसीवर कुठेतरी बोल्टला आवळून दिली तर रंग, गंज आणि ग्रीस यांच्यातून करंट जातो आणि सगळी मेहनत तिथेच सांडते. लाल वायरवर बॅटरीपासून वितीच्या आत २०० अँपिअरचा फ्यूज. फ्यूज इन्व्हर्टरसाठी नसतो, केबलसाठी असतो. केबल घासून चॅसीला टेकली तर बॅटरी हजारभर अँपिअर ओतते, आणि फ्यूज दूर, इन्व्हर्टरच्या टोकाला असेल तर मधल्या तारेला वाली कोणी नाही.

यानंतर त्याच ७५ अँपिअरला केबल, सांधे आणि फ्यूज मिळून ०.१ व्होल्टच्या जरा वर गेला.

तासाभराचा जमाखर्च

इथून पुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. एवढं करूनही एक प्रश्न उरतोच. ग्राइंडर ७५ अँपिअर घेतो, ट्रॅक्टर स्वतःसाठी पाच घेतो, अल्टरनेटर ४० चा. मग हे चालणार कसं?

सलग चालणार नाही. पण कापण्याचं काम सलग नसतं. अँगल आडवा ठेवा, खूण करा, शिकंज्यात आवळा, कापा, काढा, पुढचा घ्या. तासाभरात ग्राइंडर प्रत्यक्ष फिरतो आठ मिनिटं, ड्रिल आठ मिनिटं. उरलेली ४४ मिनिटं दोन्ही जमिनीवर पडलेली असतात. म्हणजे प्रश्न ‘यंत्र किती वॅटचं’ हा नाही, ‘तासाला किती मिनिटं’ हा आहे. आमचा खर्च तासाला १६ अँपिअर-तास यंत्रांचा आणि ५ ट्रॅक्टरचा, एकूण २१. बॅटरी म्हणजे मधला हौद. काप चालू असताना तो उतरतो, खूण करताना भरतो. तासाच्या शेवटी पाणी त्याच रेषेवर आलं तर दिवसभर काम चालेल.

मग अल्टरनेटर तासाला किती देतो? त्याच्या मुख्य वायरला क्लॅम्प लावून, बॅटरी थोडी उतरलेली असताना आणि ग्राइंडर चालू असताना मोजलं. ९०० आरपीएमला, म्हणजे नुसत्या आयडलवर, १४ अँपिअर. १६०० ला २९. २२०० ला ३३. पत्र्यावरचे ४० कुठेच दिसले नाहीत. यात काही बिघाड नव्हता. तो आकडा अल्टरनेटर पाच-सहा हजार फेऱ्यांनी फिरत असतानाचा असतो, आणि तापलेली तांब्याची गुंडाळी तसंही कमीच देते.

१४ आणि २१. आयडलवर चालवलं असतं तर तासाला सात अँपिअर-तासांचा तोटा. इंजिन चालू आहे म्हणून आपण निर्धास्त, आणि दुपारपर्यंत बॅटरी पुन्हा तळाला. १६०० वर तासाला आठची शिल्लक. शिल्लक सगळी साठत नाही, कारण बॅटरी भरत आली की ती कमी कमी करंट स्वीकारते, पण तोटा तरी राहत नाही. २२०० वर नेऊन मिळाले फक्त चार जास्त, डिझेल आणि आवाज मात्र बराच वाढला. म्हणून हँड थ्रॉटल १६०० वर लावला.

याला आणखी एक कारण आहे. अल्टरनेटरचा पंखा त्याच्याच शाफ्टवर असतो. आयडलवर पूर्ण भार टाकला की मागणी जास्त आणि वारा कमी. इन्फ्रारेड थर्मामीटरनं पाहिलं तर तासाभरानं त्याचं अंग आयडलवर ११० अंश, १६०० वर ९५. बसलेली बॅटरी आणि वर ग्राइंडर, दोन्ही एकदम अल्टरनेटरच्या गळ्यात टाकून आयडलवर सोडून देणं, हा त्याचे डायोड जाळण्याचा खात्रीचा रस्ता आहे. तसंच चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढणं. बॅटरी हा झटके पिणारा उशीसारखा थर असतो. तो काढला की व्होल्टेज एकदम उसळतं आणि डायोडपासून मीटरपर्यंत काहीही जाऊ शकतं.

मिस्त्री लोक अल्टरनेटर आणि डायनामो दोन्हींना ‘डायनामो’च म्हणतात, म्हणून एक गोष्ट आपल्या डोळ्यांनी पाहून घ्यावी. काही छोट्या ट्रॅक्टरांवर खरोखरच कायम चुंबकाचा छोटा डायनामो असतो, वीसेक अँपिअर किंवा त्याहून कमी देणारा, आणि रेग्युलेटर वेगळा बसवलेला. तसं असेल तर माझा जमाखर्च तिथे लागू पडणार नाही. तिथे तासाला तीन-चार मिनिटांचंच कापणं झेपेल.

दुसरी बॅटरी लावावी का, हा विचारही झाला. मागच्या पेटीत १०० अँपिअर-तासांची ट्यूब्युलर बॅटरी आणि मध्ये व्होल्टेज पाहून जोडणारा रिले, म्हणजे इंजिन चालू असतानाच दोन्ही जोडल्या जातात आणि बंद असताना स्टार्टरची बॅटरी सुरक्षित राहते. रचना चांगली आहे, पण आमच्याकडे जमाखर्च आधीच शिलकीत होता. हौद मोठा केला म्हणून झरा वाढत नाही. ज्यांना इंजिन बंद ठेवूनच काम करावं लागतं, म्हणजे शेडच्या आत, जिथे धूर साचून जीव जाऊ शकतो, त्यांनी मात्र ही दुसरी बॅटरी जरूर लावावी. ती लिथियमची असेल तर थेट जोडू नये. ती मिळेल तेवढा सगळा करंट ओढून घेते आणि छोटा अल्टरनेटर त्यात भाजून निघतो. मध्ये करंट मर्यादित ठेवणारा डीसी-डीसी चार्जर हवा.

इन्व्हर्टरही बदलला, आणि लहान घेतला

जुना इन्व्हर्टर पायऱ्यांसारखी लाट देणारा होता, ज्याला मॉडिफाइड साइन म्हणतात. ग्राइंडरची मोटर कार्बन ब्रशची असते, तिला त्यानं फारसं बिघडत नाही. पण ड्रिलचा ट्रिगर हळू दाबला की वेग धडपणे ठरत नव्हता. त्यातलं वेग-नियंत्रण विजेच्या लाटेवर बेतलेलं असतं, आणि लाटेलाच कोपरे असतील तर ते गडबडतं. त्याहून काळजीची गोष्ट चार्जरची. कॉर्डलेस ड्रिलचा चार्जर त्यावर लावला, तर दहा मिनिटांत हाताला चटका बसेल इतका तापला आणि गुणगुणू लागला. लगेच काढला.

नवा इन्व्हर्टर प्युअर साइनचा, १५०० वॅटचा, क्षणभरासाठी ३००० पेलणारा. दोन हजारांवरून दीड हजारांवर येताना भावाला पटत नव्हतं. पण एका वेळी एकच यंत्र चालणार, तेही ८५० वॅटचं. अल्टरनेटर सलग देतो चारशे वॅट. त्यावर मोठा इन्व्हर्टर लावून मिळतं काय, तर रिकामा चालतानाचा जास्त खर्च आणि दोन यंत्रं एकदम चालवण्याचा मोह.

चार्जर मात्र आता मजेत चालतो, आणि मला वाटतं छोट्या ट्रॅक्टरसाठी खरी वाट तीच आहे. १८ व्होल्ट, ५ अँपिअर-तासांची हत्याराची बॅटरी म्हणजे ९० वॅट-तास. सगळी गळती धरून ती भरायला १२ व्होल्टच्या बाजूनं दहाएक अँपिअर-तास लागतात, आणि ते तासाभरात सावकाश, कुठलाही झटका न देता घेतले जातात. ज्यांच्याकडे कॉर्डलेस ग्राइंडर आणि ड्रिल आहेत, त्यांनी ३०० वॅटचा साधा प्युअर साइन इन्व्हर्टर लावून दोन-तीन बॅटऱ्या आळीपाळीनं भरत राहाव्यात. जाड केबलचा सगळा प्रपंच वाचतो.

जे जमलं नाही

भावाचा आग्रह होता की जोडलंच आहे तर एक एचपीचा पाण्याचा पंपही लावून पाहू. एकदा पाहिलं. दोन सेकंद घुमला, इन्व्हर्टरनं ओव्हरलोड दाखवला, मी स्विच पाडला. इंडक्शन मोटर सुरू होताना चालू करंटच्या पाच ते सात पट मागते. अकराशे वॅट घेणारा पंप त्या क्षणी पाच हजारांच्या वर जातो. आणि समजा सुरू झालाच असता, तरी तो सलग चालणारा. अकराशे वॅट म्हणजे शंभरावर अँपिअर, अल्टरनेटरकडून मिळणार २९. खूण करताना मिळणारी विश्रांती इथे नाही. वेल्डिंगचंही तेच.

अशा कामाला इंजिनाची ताकद अल्टरनेटरच्या अरुंद दारातून काढायचीच नाही, पीटीओमधून, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे अवजारांसाठी फिरणाऱ्या दांड्यातून काढायची. पीटीओ ५४० फेऱ्यांचा, चार पोलचा जनरेटर ५० हर्ट्झसाठी १५०० फेऱ्यांचा, मध्ये गिअरबॉक्स. एका किलोवॅटला पीटीओवर दोन एचपी धरले तर हा ट्रॅक्टर चार-पाच किलोवॅटचा जनरेटर आरामात ओढेल. तिथे इंजिनाचा वेग नेमका धरून ठेवावा लागतो, कारण वेग उतरला की हर्ट्झही उतरतात. पण तो वेगळा विषय आहे आणि ते यंत्र आमच्याकडे अजून नाही.

जिवाची गोष्ट

इन्व्हर्टर छोटा आणि बॅटरी १२ व्होल्टची असली तरी बाहेर येणारे २३० व्होल्ट तेवढेच जीवघेणे असतात. शिवाय घरातली सुरक्षेची सवय इथे फसवते. बऱ्याच सुट्या इन्व्हर्टरमध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांचा घरासारखा जोड नसतो. त्यामुळे गळती झाली तर ट्रिप होणारा आरसीसीबी पुढे लावला तरी तो वेळेवर पडेलच असं नाही. पुस्तिकेत स्पष्ट सांगितलेलं नसेल तर न्यूट्रल आपल्या मनानं चॅसीला जोडू नये. काही इन्व्हर्टरची दोन्ही टोकं जिवंत असतात आणि तसा जोड त्यांना जाळतो. आम्ही नियम ठेवला, एका वेळी एकच यंत्र, तेही दुहेरी इन्सुलेशनचं, ज्याच्यावर चौकोनात चौकोन अशी खूण असते. जमीन ओली असेल तर काम बंद. इन्व्हर्टरचं आउटपुट घराच्या किंवा शेडच्या वायरिंगमध्ये कधीही घालू नये.

बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, आणि हवेत तो चार टक्के झाला की ठिणगीला पेटतो. ग्राइंडरची ठिणग्यांची धार काही मीटर जाते. म्हणून कापण्याची जागा ट्रॅक्टरपासून लांब, धार उलट्या दिशेला. एक्स्टेन्शन वायर लांब ठेवण्याचा हा दुसरा फायदा.

ट्रॅक्टर चालू ठेवून खाली उतरायचं म्हणजे गिअर न्यूट्रल, पीटीओ बंद, पार्किंग ब्रेक ओढलेला, लोडरची बकेट जमिनीवर टेकवलेली. सीटखालच्या सुरक्षा स्विचमुळे उतरताच इंजिन बंद पडत असेल तर यातलं काहीतरी राहिलं आहे असा त्याचा अर्थ. त्या स्विचला वायर मारून तो निकामी करण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. स्वतःच्याच ट्रॅक्टरखाली माणसं याच वाटेनं सापडतात.

उरलेले ५६ खांब दोन दिवसांत, साडेनऊ तासांच्या इंजिन-वेळेत झाले. डिझेल गेलं ११ लिटर. नवी ६५ अँपिअर-तासांची बॅटरी बसवली होती. दोन्ही सकाळी इंजिन सुरू करण्याआधी तिच्यावर १२.६ व्होल्ट दिसले, म्हणजे हौद रेषेवर होता. इन्व्हर्टरची शिट्टी एकदाही वाजली नाही. या दोनातल्या पहिल्या दिवशी दुपारी अल्टरनेटरचा पट्टा किंचाळायला लागला, तेव्हा तो अंगठ्यानं दाबून सेंटिमीटरभर लवेल इतका ताणून घेतला.

काम संपल्यावर सहज अल्टरनेटरच्या जाळीतून टॉर्च मारून पाहिलं. आत लोखंडाचा काळा, बारीक केसाळ थर जमला होता. रोटरमध्ये चुंबकत्व असतं, पंखा हवा ओढत असतो, आणि ग्राइंडरची भुकटी वाऱ्यावर त्याच्याकडेच जात होती. दोन दिवसांत एवढी. हवा मारून, मऊ ब्रशनं ती काढली. आता कापायला बसण्याआधी भाऊ मूठभर माती वरून सोडून वाऱ्याची दिशा पाहतो आणि मग ट्रॅक्टर कुठे उभा करायचा ते सांगतो.